कार्डवाले आणि कीपचं मूळ

कार्डवाले जिना चढू लागले की इमारतीतल्या बायका बोलण्याचा विषय बदलायच्या. दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका तर शेजारणीला सरळ म्हणायची, "थांब गं, कार्ड आलं," आणि दोघी हवापाण्यावर घसरायच्या. कार्डवाले चहाडखोर होते असं मुळीच नाही. या माणसाने जन्मात कोणाची चहाडी केली नाही, कारण चहाडी करायला आधी दुसऱ्याच्या भानगडीत रस असावा लागतो. यांना रस होता तो फक्त वाक्यात. शर्टाच्या खिशात पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं आणि बोटभर पेन्सिल. कोणी कामाचं काही बोललं की हे जागच्या जागी उभे राहून टिपून घ्यायचे, किंचित वाकून "आभारी आहे" म्हणायचे आणि पुढे चालू लागायचे. बोलणारी बाई सासूच्या नावाने डोळे पुसत असली तरी त्यात फरक पडत नसे.

हा छंद नव्हता, नोकरी होती. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर कोशकचेरी होती. तिथे इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेतले अर्थ सांगणारा मोठा कोश तयार होत होता. निदान तो तयार होतोय असं तिथले सगळे एकमेकांना सांगत होते. कचेरीच्या प्रमुख एक बुटक्या, करड्या केसांच्या बाई होत्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत आणि घाबरत. बाईंचा एक नियम होता. शब्दाचा अर्थ दिला की त्याखाली एक वाक्य द्यायचं, आणि ते वाक्य टेबलापाशी बसून रचलेलं चालणार नाही. कोणातरी जित्याजागत्या माणसाच्या तोंडून ते खरोखर निघालेलं हवं. कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात कोण बोललं आणि कुठे बोललं तेही लिहायचं. आधीच्या कोशात 'राजाने प्रधानास वचन पाळण्याविषयी बजाविले' अशा थाटाची वाक्यं होती. बाई म्हणायच्या, "मला तो राजा आणून दाखवा, मग मी त्याचं वाक्य घेते."

नियम सोन्यासारखा होता. पण सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती पोटात खुपसून घेत नाही. कार्डवाल्यांनी मात्र नेमकं तेच केलं, आणि आपण विद्येची सेवा करतोय असं मानून केलं.

कचेरीत प्रत्येकाला एकेक मोठं क्रियापद वाटून दिलेलं होतं. इंग्रजीची ही दोन-चार अक्षरी क्रियापदं दिसायला गरीब गाय असतात, पण एकदा दावणीला बांधली की माणसाचं आयुष्य खातात. कार्डवाल्यांच्या वाट्याला 'कीप' आलं होतं. कीप म्हणजे ठेवणे, हे शाळकरी पोरही सांगेल. पण दुकान चालवणारा कीप करतो, कोंबड्या पाळणारा कीप करतो, दिलेला शब्द पाळणारा आणि सांगितलेलं गुपित पोटात राखणारा दोघेही कीपच करतात. गोलाच्या तोंडाशी उभा राहून चेंडू अडवणारा त्यातलाच. दूध दोन दिवस नासलं नाही तर इंग्रजीत ते दूधही कीप करतं, आणि एखाद्याची बडबड थांबता थांबत नसेल तर त्यालाही हेच क्रियापद चिकटवावं लागतं. आपल्या भाषेने हा पसारा ठेवणे, राखणे, पाळणे, जपणे, सांभाळणे अशा पाच जावांत वाटून टाकला. इंग्रजीने सगळा एकाच सुनेच्या गळ्यात घातला.

आता या सुनेच्या माहेराविषयी. हे क्रियापद हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजी लिखाणात एकाएकी दिसू लागतं. तेव्हा त्याचा अर्थ ठेवणे हा नव्हताच. तेव्हा कीप म्हणजे वाटेकडे डोळे लावणं, लक्ष देणं, समोरच्याची दखल घेणं. मग लक्ष देता देता काळजी घेणं आलं, काळजीपोटी राखण आली, आणि राखता राखता माणूस ती वस्तू आपलीच समजून ताब्यात ठेवू लागला. मालक होण्याची रीत सगळ्या जगात हीच असावी. पण त्या हजार वर्षांच्या पलीकडे काय होतं, हा शब्द आला कुठून, कोणाला ठाऊक नाही. आजूबाजूच्या भाषांत छातीठोकपणे दाखवावा असा सख्खा नातलग सापडत नाही. भल्या भल्या कोशांनी तिथे हात टेकले आणि लिहिलं, मूळ अज्ञात.

हे दोन शब्द कार्डवाल्यांच्या घशाखाली उतरत नव्हते. अर्थ लावून झाले होते, वाक्यं जमली होती. अगदी वरची, मूळ सांगणारी तेवढी एक ओळ कोरी होती. तिथे 'मूळ अज्ञात' लिहिलं असतं तर कीप त्याच दिवशी हातावेगळं झालं असतं. पण शेजारच्या टेबलावर गेटवाले होते. त्यांनी 'गेट' हे क्रियापद कधीच संपवलं होतं, कारण गेटचं मूळ त्यांना आयतं मिळालं. ते उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून आलेलं, ग्रंथोग्रंथी नोंदलेलं. गेटवाल्यांना शाबासकी मिळाली आणि हातांची खुर्ची मिळाली. खुर्चीत रेलून ते रोज विचारायचे, "काय हो, तुमच्या पोराचे आईबाप सापडले का?" कार्डवाले हसण्यावारी न्यायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

घरातली एक खोली या कीपने व्यापली होती. कचेरीच्या कपाटांना वाळवी लागली तेव्हा त्यांनी कार्डांची खोकी तात्पुरती म्हणून घरी आणली. तात्पुरत्या गोष्टीइतकं टिकाऊ या जगात काही नसतं. ती खोली मुलीची होती. तिचं लग्न होऊन ती गेली होती, तेव्हा अडचण कोणालाच नव्हती. भिंतीला लागून छतापर्यंत खोकी, मधे एक टेबल, आणि दारापासून टेबलापर्यंत आडवं होऊन जावं लागेल एवढी वाट. मुलीच्या वेळचा आरसा खोक्यांच्या मागे गेला होता. बायको कधी म्हणाली, "अहो, निदान खिडकी तरी उघडता येऊ दे," की यांचं उत्तर तयार असे. "मूळ सापडलं की सगळं जाईल."

बायकोची गोष्ट वेगळीच होती. कोशातलं अर्धं कीप तिच्या तोंडून निघालेलं होतं. 'दूध झाकून ठेवा', 'तोंड सांभाळून बोला', 'मी म्हणून राखलंय हे घर', 'एक शब्द पाळाल तर शपथ'. प्रत्येकाच्या कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात 'पत्नी, स्वयंपाकघर'. हे सगळं एक दिवस छापून पानोपानी विकलं जाणार आहे हे कळल्यापासून तिने घरात बोलणं बेतानंच ठेवलं होतं. कार्डवाल्यांच्या ते लक्षात आलं, पण त्यांना वाटलं, आता वयोमानाने तिची शब्दसंपत्ती आटत चालली असावी. तसं त्यांनी बाईंना सांगितलंही.

आणि मग तो फोन आला.

संध्याकाळची वेळ. बायकोचे हात भांड्यांच्या राखेत आणि साबणात, म्हणून फोन ओट्यावर उताणा, आवाज मोठा केलेला. पलीकडून मुलगी. दोन वाक्यं इकडची तिकडची झाली, आणि मग ती म्हणाली, "आई, मला थोडे दिवस ठेवून घेशील का?"

बायकोच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. दारात उभ्या असलेल्या कार्डवाल्यांच्या छातीत धस्स झालं, पण ते निराळ्या कारणाने. कीपचा एक अर्थ होता, आसरा देणे, घरात सामावून घेणे. त्याला काही केल्या जिवंत वाक्य मिळत नव्हतं. लोक हल्ली असं बोलतच नाहीत म्हणून त्यांनी हा अर्थ जवळजवळ सोडून दिला होता. आणि आज, अंगणात कल्पवृक्ष उगवावा तसं, ते वाक्य चालत घरी आलं होतं. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. 'आई, मला थोडे दिवस ठेवून घेशील का?' कोपऱ्यात, 'मुलगी, फोनवर'. लिहून झाल्यावर ते अभावितपणे म्हणाले, "आभारी आहे."

बायकोने मान वळवून पाहिलं. ओल्या हातानेच तिने फोन उचलला, कानाला लावला आणि म्हणाली, "ये बाळा. विचारतेस काय? ये." मग फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "लिहून झालं?"

"झालं," कार्डवाले म्हणाले. "फार दुर्मीळ आहे."

मुलगी आली ती चार वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन आणि दोन बॅगा घेऊन. ज्याच्या घरून आली त्याचं नाव तिने काढलं नाही. आईने तिला आत नेऊन जे काही विचारायचं ते विचारलं. वडिलांनी विचारलं, "प्रवास बरा झाला ना?" ती म्हणाली, "हो." विषय संपला. कार्डवाल्यांना मुलीची माया नव्हती असं कोणी म्हणू नये. माया होती, पण ती बँकेतल्या लॉकरसारखी होती. आहे हे सगळ्यांना माहीत, उघडून कोणी पाहिली नव्हती.

प्रश्न खोलीचा होता. मायलेकी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपायच्या. दार उघडलं की कडी नातीच्या पायाला लागायची. बायकोने पहिल्या आठवड्यात सुचवलं, दुसऱ्यात सांगितलं, मग ती भांडली. "अहो, ती काय पाहुणी आहे? तिची खोली आहे ती. खोकी गच्चीच्या जिन्यात ठेवा."

"जिन्यात? एक कार्ड इकडचं तिकडे झालं तर अर्थाचा अनर्थ होईल."

"मग कचेरीत द्या परत."

"देणारच आहे. मूळ सापडलं की."

"आणि नाही सापडलं तर?"

यावर कार्डवाल्यांनी असं पाहिलं, जणू तिने नातीच्या आजारपणाचं काही अभद्र बोलून दाखवलं. एकदा मुलीनेच येऊन खोलीच्या दारात उभं राहून विचारलं, "बाबा, मी कामाला जायचं म्हणतेय. चष्म्याच्या दुकानात जागा आहे. पण हिला शाळेत घालायचं तर माझा इथला पत्ता द्यावा लागेल, आणि तिला अभ्यासाला एक कोपरा लागेल. तुम्ही काय म्हणता?" कार्डवाले मान डोलावत म्हणाले, "हं." ती म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय." ते म्हणाले, "हं, बोल ना," आणि जुन्या इंग्रजीचा एक ग्रंथ पुढे ओढला. ती गेली. ती कधी गेली हे त्यांना कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी नातीने कशाकशातून वाट काढत खोली गाठली आणि एका खोक्यातली कार्डं काढून जमिनीवर घर बांधलं. भिंती, दार, वर छप्परसुद्धा. पाळणेच्या भिंती आणि जपणेचं छप्पर. कार्डवाले ओरडले. चार वर्षांच्या पोरीवर ओरडावं तेवढंच ओरडले असते तर गोष्ट वेगळी; ते विद्वान माणसासारखे ओरडले, म्हणजे अपमान झाल्यासारखे. पोरगी रडली नाही. आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिथून आजोबांकडे बघत राहिली. मुलीने एकेक कार्ड उचलून खोक्यात भरलं, आणि भरताना तिला 'मुलगी, फोनवर' असा कोपरा दिसला. तेही तिने नीट जागेवर ठेवलं.

त्याच सुमाराला कार्डवाल्यांना साक्षात्कार झाला. कचेरीच्या वाटेवर एक मोकळा प्लॉट होता. त्याला नवं काटेरी तारेचं कुंपण घातलं होतं आणि कुंपणावर इंग्रजीत पाटी होती, 'कीप आऊट'. कार्डवाले रोज ती पाटी वाचून पुढे जायचे. त्या दिवशी त्यांनी पाटी वाचली, मग पाटीच्या मागे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाटीवर कीप आणि पाटीखाली कुंपण! राखण करणारी वस्तू ती हीच. क तोच, प तोच. मधला नाकातला सूर परदेशी थंडीत चोंदला असणार आणि शेवटचा ण इतक्या लांबच्या प्रवासात कुठेतरी पडला असणार. सगळे मोठे कोश ज्या शब्दापुढे हात टेकून बसले, त्याचं बीज आपल्या शेताच्या बांधावर होतं! त्यांनी भर रस्त्यात तार हाताने धरली. काटा बोटात गेला. त्यांना त्याचंही अप्रूप वाटलं.

उंटावर शहाणे बसतात हे आपण ऐकून असतो. स्वतःच्या कुंपणावर बसलेला शहाणा मात्र क्वचित पाहायला मिळतो. पुढचे कित्येक दिवस कार्डवाले खोलीत दार लावून 'कीप आणि कुंपण' हा निबंध लिहीत होते. चहा दाराशी यायचा, जेवण दाराशी यायचं. बाहेर काही सामानाची ओढाओढ झाली, एकदा रिक्षाचा आवाज आला. दार ठोठावून बायको काही सांगून गेली, त्यावर ते "हं" म्हणाले. मग एका सकाळी चहा आला नाही. त्यांनी वाट पाहिली. दुपार झाली. पोटात कावळे ओरडू लागले तेव्हा ते बाहेर आले. बाहेरच्या खोलीत सतरंजी नव्हती. बॅगा नव्हत्या. ओटा स्वच्छ धुतलेला, त्यावर पालथं घातलेलं एकच पातेलं आणि बाजूला चहाची डबी आणि साखर. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेला विचारलं तर तिने दार अर्धवटच उघडलं.

"लेकीला कामाच्या जागी खोली मिळाली. गेली ती परवा. आजीबाई आज गेल्या, नातीला सांभाळायला कोणी नको का? तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल," कार्डवाले म्हणाले.

"मग?" शिक्षिका म्हणाली, आणि बोलून झाल्यावर सवयीने यांच्या खिशाकडे पाहत दार लावून घेतलं.

त्यांना वाईट वाटलं का? वाटलं. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत निबंध वाचायचा होता, आणि एकावेळी एकाच गोष्टीचं वाईट वाटून घेणं त्यांना जमे. त्यांनी मनाशी ठरवलं, आता मूळ सापडलंच आहे, म्हणजे खोकी जातील, म्हणजे खोली रिकामी, म्हणजे मुलगी परत. सगळं कसं ओळीने जुळत होतं. आयुष्यभर त्यांनी दिलेला शब्द ते आता पाळणार होते. फक्त ज्यांना दिला होता ती माणसं घरात उरली नव्हती.

बैठकीला सगळे होते. कार्डवाल्यांनी धुतलेला शर्ट घातला होता, इस्त्री मात्र स्वतः केल्यामुळे पाठीवर त्रिकोणी डाग होता. त्यांनी निबंध वाचला. कुंपण, राखण, शेत, व्यापारी, गलबतं, पडलेला ण. वाचताना त्यांचा आवाज दोनदा भरून आला. वाचून झाल्यावर गेटवाले खोकले, म्हणजे हसले.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुंपण इथून तिकडे कोणी नेलं?"

"व्यापाऱ्यांनी."

"कोणत्या?"

"ते शोधता येईल."

"वाटेत ज्या ज्या भाषा लागल्या, त्यांतल्या एकीत तरी ते दिसतं?"

"अजून नाही."

"बरं. आणि एक सांगा," बाई म्हणाल्या, "हा शब्द पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याचा अर्थ काय?"

"लक्ष देणे," कार्डवाले म्हणाले. हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

"मग माणूस कुंपण कधी घालतो? लक्ष द्यायला वेळ असतो तेव्हा की नसतो तेव्हा?"

डोंगर पोखरून उंदीर निघाला असता तरी चाललं असतं. इथे उंदरानेच डोंगर कुरतडून टाकला होता. बाईंनी निबंधाबरोबर आणलेला कीपच्या निवडक कार्डांचा गठ्ठा पुढे ओढला, वरच्या कोऱ्या ओळीवर पेन्सिलने 'मूळ अज्ञात' लिहिलं आणि पान उलटलं. ज्या ओळीपायी एक खोली कित्येक वर्षं कोंडून ठेवली, ती भरायला चहाचा एक घोट घ्यावा एवढाही वेळ लागला नाही.

मग बाई कार्डं चाळू लागल्या. "वाक्यं छान जमवलीयत," त्या म्हणाल्या, आणि बाई कधी कोणाला छान म्हणत नसत. एका कार्डावर त्या थांबल्या. ते त्यांनी मोठ्याने वाचलं. "'आई, मला थोडे दिवस ठेवून घेशील का?' मुलगी, फोनवर. ही कोणाची मुलगी?"

"माझीच."

"मग ठेवून घेतलंत का?"

"आली होती."

"होती म्हणजे?"

"आता दुसरीकडे राहते."

"कुठे?"

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आपापल्या नखांकडे पाहिलं. गेटवाल्यांनीही पाहिलं, आणि ते खोकले नाहीत.

"पत्ता बायकोला माहीत आहे," कार्डवाले म्हणाले.

"बायकोला विचारून सांगा मग."

"बायको तिच्याकडेच आहे."

बाईंनी ते एक कार्ड गठ्ठ्यातून काढलं आणि टेबलावरून यांच्याकडे सरकवलं. "हे मी छापणार नाही."

"पण वाक्य खरं आहे, बाई. मी स्वतः ऐकलंय. या अर्थाला दुसरं वाक्य नाही."

"वाक्य उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "पण ते तिने कोशाला विचारलं नव्हतं. उद्या टेम्पो पाठवते, खोकी परत द्या. आणि आठ दिवस कचेरीत येऊ नका."

टेम्पो आला. हमालांनी खोकी खाली नेली, आणि खोलीत खिडकी निघाली, आरसा निघाला, भिंतीवर मुलीने लहानपणी पेन्सिलने मारलेल्या रेघा निघाल्या. कार्डवाल्यांनी स्वतः केर काढला, फरशी पुसली, खिडकी उघडली. मग बायकोला फोन करून पत्ता विचारला. तिने सांगितला. एवढंच सांगितलं.

रविवारी दुपारी ते गेले. खाली चष्म्याचं दुकान बंद होतं, बाजूने लोखंडी जिना. वर एकच खोली, पण दार उघडं होतं आणि उजेड भरपूर होता. एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात शेगडी. नात जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि चित्र पोटाखाली ओढून घेतलं. बायको लहान फ्रॉकला बटण लावत होती. मुलगी खिडकीपाशी बसून एका चष्म्याच्या दांडीचा बारीक स्क्रू पिळत होती. दुकानातलं काम रविवारी घरी आणलं होतं.

"खोली रिकामी केलीय," कार्डवाले उंबऱ्यातूनच म्हणाले. "पुसून घेतलीय. खिडकी उघडते आता. तुम्ही चला."

कोणी उठलं नाही. ते स्वतःच आत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. "ते काम संपलं," ते म्हणाले. "मूळ काही सापडलं नाही. पण संपलं."

मुलीने स्क्रू टोकापर्यंत पिळला, चष्मा टेबलावर ठेवला. "बाबा, मी त्याचं घर का सोडलं, माहितीय तुम्हाला?"

कार्डवाल्यांना तिचं वाक्य पाठ होतं, त्यातला प्रत्येक शब्द, 'थोडे' आणि 'दिवस' यांच्यामधला तो छोटासा विरामसुद्धा. कारण माहीत नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको दोरा दातांनी तोडत होती.

"मारायचा?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"प्यायचा?"

"नाही. चांगला माणूस आहे तसा. पगार आणून हातात द्यायचा. कधी आवाज चढवला नाही." तिने चष्म्याची दांडी मिटली. "मी काही बोलले की मान हलवायचा आणि हं म्हणायचा. ताप आलाय म्हटलं, हं. हिचे दात आले म्हटलं, हं. आई होणार आहे म्हटलं तेव्हापण हं. आणि बाबा, लाज वाटते सांगायला, पण पहिली काही वर्षं यात काही चुकतंय हे मला कळलंच नाही. मला वाटायचं, घरातला पुरुष असाच असतो. मी दुसरा पाहिला कुठे होता?"

कार्डवाल्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि उतरून उतरून शेवटी तिथे एक म्हातारा माणूस उरला. पण जन्माची खोड अशी सुटते थोडीच. त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि बोट वर करून सुरुवात केली, "म्हणजे तुझ्या म्हणण्याचा अर्थ असा, की…"

"अहो, गप्प बसा," बायको म्हणाली. "तिचं अजून संपलेलं नाही."